पाठ असलेली ओळ तुम्हाला कधी आठवते?

वेलांटी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे फक्त वाचत होते, आज लिहावंसं वाटलं.

बाबांना आठ महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात हळूहळू सुधारला, पण वाचा गेली. समजतं सगळं, डोळ्यांत दिसतं. एखाद्या वस्तूकडे बोट दाखवतात, ओठ हलतात आणि शब्द काही येत नाही. 'पाणी' म्हणायला तीन आठवडे लागले. माझं नाव दोनच अक्षरांचं, ते अजून येत नाही.

गेल्या आठवड्यात त्यांच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत मी स्वतःशीच एक जुनी कविता म्हणत होते. मी सहा-सात वर्षांची असताना त्यांनीच ती माझ्याकडून पाठ करून घेतली होती. तिसऱ्या ओळीला अडले. तेवढ्यात पाठीमागून बाबांचा आवाज आला. तिसरी ओळ, मग चौथी, मग पार शेवटपर्यंत, एक अक्षर न गाळता. हातातली उशीची खोळ तशीच धरून मी उभी राहिले. संपल्यावर म्हटलं, "बाबा, आता माझं नाव घ्या." ओठ हलले. शब्द नाही.

तेव्हापासून एकच विचार मनात आहे. ज्या माणसाकडून स्वतःच्या लेकीचं नाव निसटलं, त्याच्याकडे ती कविता कशी काय शाबूत राहिली? माणसं हजारो वर्षं कविता रचतात, पाठ करतात, पोरांना शिकवतात. काय असतं तिच्यात? तुम्हाला पाठ असलेली एखादी ओळ आपणहून कधी आठवली असेल, तर कुठे आणि कशी ते लिहा ना.

जुनीवही

वाचताना घसा दाटून आला. बाबांना लवकर बरं वाटो. सविस्तर नंतर लिहिते.

स्वरयंत्र

वेलांटीताई, मी सोळा वर्षं स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करतो, म्हणून थोडं सांगतो.

बहुतेक माणसांत भाषेचा मुख्य कारभार मेंदूच्या डाव्या बाजूला चालतो. तिथे इजा झाली की शब्द शोधून, जुळवून बोलणं बिघडतं. याला अफेजिया म्हणतात. डाव्या मेंदूचा ताबा शरीराच्या उजव्या बाजूवर असतो, म्हणूनच अशा रुग्णांचा उजवा हात बऱ्याचदा दुबळा झालेला दिसतो. पण जे आपण लहानपणापासून एका ओघात म्हणत आलो, ते पुष्कळदा वाचतं. एक ते दहा आकडे, वारांची नावं, प्रार्थना, गाणी, कविता, आणि हो, शिव्यासुद्धा. तिथे एकेक शब्द शोधावा लागत नाही. पहिला पुढच्याला हात धरून घेऊन येतो.

याच्याच आधाराने १९७३ च्या सुमारास एक उपचारपद्धती पुढे आली. रोजच्या गरजेचं छोटं वाक्य साध्या दोन सुरांवर म्हणायचं, सोबत रुग्णाच्या डाव्या हाताने ठेका धरायचा, आणि जमू लागलं की सूर हळूहळू काढून घ्यायचा. सगळ्यांना सारखा उपयोग होत नाही, पण ज्यांना होतो त्यांच्या घरात फार मोठा फरक पडतो. तुमच्या थेरपिस्टशी जरूर बोला.

आणखी एक. कविता संपल्यावर लगेच नाव विचारू नका. तो क्षण त्यांचा राहू द्या. परीक्षा झाली की माणूस मिटतो.

वेलांटी

मनापासून आभार. शेवटचं वाक्य वहीत लिहून ठेवलं.

सरळरेषा

बाबांच्या तब्येतीसाठी शुभेच्छा. पण मूळ मुद्द्याशी मी असहमत आहे, राग नसावा.

वर दिलंय तो स्मरणशक्तीचा भाग झाला. त्याचं श्रेय कवितेला का द्यायचं? माझी आजी शेवटच्या वर्षात कुणालाच ओळखत नव्हती, पण एकोणतीसचा पाढा घडाघडा म्हणायची. पाढ्याला कुणी काव्य म्हणत नाही. आणि कविता टिकली आहे म्हणताना जरा आजूबाजूला बघा. लिहिणारे उदंड, विकत घेऊन वाचणारे किती? लोकांना गाणी आवडतात. चाल काढून घेतली तर त्यातल्या किती ओळी कुणी उघडून वाचेल?

अनुस्वार

सरळरेषा, पाढ्याचं उदाहरण तुम्ही फार चांगलं दिलंत, कारण ते तुमच्याच विरुद्ध जातं. 'एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न' असं आपण ठेक्यात का म्हणतो? कारण जे हरवून चालणार नाही ते माणसाने कायम लयीत बांधून ठेवलं. कागद नव्हता तेव्हा लय हीच वही होती. औषधं, नक्षत्रं, वंशावळी, कायदे, सगळं पद्यात.

जिचं नाव आपल्यापर्यंत पोचलं अशी सर्वांत जुनी कवी म्हणजे मेसोपोटेमियातली एन्हेदुआना. सार्गोन राजाची मुलगी, ऊर नगरीतली मुख्य पुजारीण, सव्वाचार हजार वर्षांपूर्वीची. तिच्या रचना मातीच्या पाट्यांवर शतकानुशतकं पुन्हा पुन्हा उतरवल्या गेल्या. राज्य बुडालं, नगरी ओस पडली, ती भाषा बोलणारं कुणी उरलं नाही. तरी तिची स्तोत्रं आज वाचता येतात.

आपल्याकडचं सांगायचं तर बहिणाबाई चौधरी. लिहिता-वाचता येत नव्हतं. हात कामात आणि ओठावर ओवी. त्यातलं जेवढं मुलाने आणि घरच्यांनी टिपून ठेवलं तेवढं राहिलं, आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ साली पुस्तक आलं. ते वाचायला तुम्हाला कुठलीही चाल लागत नाही. शब्दांतच जात्याची घरघर आहे.

सरळरेषा

बहिणाबाईंबद्दल दुमत नाही. पण तुम्ही सांगताय ती सोय झाली. कागद नव्हता म्हणून लय. आता खिशात अख्खं ग्रंथालय मावतं. मग आज कविता कशाला?

पानगळ

कागद असूनही तो वापरता येत नाही, अशीही वेळ येते.

रशियन कवयित्री आना आख्मातोवा. तिच्या मुलाला अटक झाली होती आणि ती तुरुंगाबाहेर इतर बायकांबरोबर रांगेत उभी राहायची. १९३५ ते १९४० या काळात तिने त्या रांगेवर एक काव्य रचलं. घरात तो कागद सापडणं म्हणजे जिवाशी गाठ. भिंतींनाही कान असतील म्हणून ती पाहुण्या मैत्रिणीशी तोंडाने हवापाण्याच्या गोष्टी बोलायची आणि एका चिठोऱ्यावर ओळी लिहून तिच्यापुढे सरकवायची. मैत्रीण वाचायची, पाठ करायची आणि चिठोरा परत द्यायची. मग काडी ओढून आख्मातोवा तो रक्षापात्रात जाळायची. असं ते काव्य काही मोजक्या माणसांच्या डोक्यात वर्षानुवर्षं राहिलं. पूर्ण छापलं गेलं ते १९६३ साली, तेही देशाबाहेर.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या मैत्रिणींचाच विचार करत राहिले. रात्री झोपण्यापूर्वी त्या मनात उजळणी करत असतील. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर तो कायमचा गेला. कादंबरी अशी सांभाळता आली नसती. कवितेत प्रत्येक शब्द शेजारच्या शब्दाला घट्ट धरून असतो, म्हणूनच ती अशी डोक्यातल्या डोक्यात लपवता येते.

जुनीवही

पानगळ, अंगावर काटा आला.

आता माझा अनुभव. पहिल्या बाळंतपणात चौदा तास कळा. श्वासाचे जे व्यायाम शिकवले होते ते पहिल्या तासातच विसरले. काय झालं कुणास ठाऊक, लहानपणी पाठ केलेला एक श्लोक तोंडात आला. त्याचे चार सारखे तुकडे पडायचे. मी एकेका तुकड्याला एकेक श्वास देत गेले. अर्थाकडे लक्षही नव्हतं. चौथा तुकडा संपेपर्यंत कळ ओसरायला लागायची. लेक आज एकवीस वर्षांची आहे. तो श्लोक कुठे ऐकला की अजूनही पोटात ओढल्यासारखं होतं.

उकार

'कळ' शब्द आला म्हणून अवांतर. ताईंनी कळ सोसली. दिवा लावायचा तर कळ दाबायची. भांडण हवं असेल तर कळ काढायची. धीर धरायचा तर जरा कळ काढायची, म्हणजे तीच दोन शब्दांची जोडी पुन्हा आणि अर्थ पार उलटा! आणि हे सगळं झालं की मग माणसाला कळतं. एका 'कळ'मध्ये केवढं घर!

निळीशाई

उकार, क्या बात! शब्दांवर गाडी आलीच आहे तर माझं वेड सांगते. मराठीत रंगाला जो शेपटीचा शब्द लागतो ना, त्यावर माझा फार जीव. काळाकुट्ट, निळाशार, हिरवागार, पिवळाधमक. नुसता 'कुट्ट' उचलून दाखवा, त्याला बहुतेक काळ्याशिवाय घर नाही. आणि गंमत पाहा, पांढऱ्याला दोन शेपट्या. पांढराशुभ्र म्हटलं की धुतलेलं कापड. पांढराफटक म्हटलं की घाबरलेला चेहरा. रंग तोच. लालचुटुक म्हटलं की हसू येतं, लालभडक म्हटलं की डोळे दिपतात. हे कुठल्या कवीने ठरवलं? कुणीच नाही. असंख्य बोलणाऱ्यांनी मिळून रचलेली ही कविता आहे.

खडू

निळीशाई, तुमच्यामुळे जुनी गोष्ट आठवली. दुसरीच्या वर्गाला मी 'पाणी' या विषयावर पाच ओळी लिहायला सांगितल्या होत्या. एका मुलाने लिहिलं, "विहिरीत वाकून बघितलं. पाणी निळाकुट्ट होतं." मी सवयीने लाल पेनने 'कुट्ट'वर काट मारली आणि वर 'शार' लिहिलं. चार वह्या पुढे गेले आणि थांबले. परत ती वही काढली.

खोल विहीर. वाकून पाहिलं तर निळं आणि त्याखाली अंधार. निळाशार पाणी तळ्यातलं असतं, उघडं, उन्हातलं. विहिरीतलं पाणी निळाकुट्टच असतं. त्या पोराला निळ्यात मिसळलेलं काळं दिसलं होतं आणि ते एका शब्दात सांगायला त्याने काळ्याची शेपटी काढून निळ्याला जोडली. माझी काट खोडून टाकली आणि समासात लिहिलं, 'हा शब्द तुझा आहे. असाच राहू दे.' तो वही घेऊन वर्गभर दाखवत हिंडला.

सरळरेषा, तुम्ही विचारलंत आज कविता कशाला. त्याच्यासाठी.

रानवारा

निळाकुट्ट! +१००

सरळरेषा

खडूताई, हा प्रतिसाद मी तीनदा वाचला. निळाकुट्ट डोक्यातून जात नाहीये, कबूल.

माझी खरी अडचण आता लिहितो. शाळेत मला कवितेने नाही, कवितेखालच्या प्रश्नांनी लांब लोटलं. 'कवीला काय म्हणायचे आहे ते तुमच्या शब्दांत लिहा.' सातवीत असताना पावसाच्या एका कवितेवर मी लिहिलं की ही वाट बघण्याची कविता आहे, पाऊस फक्त निमित्त. शून्य गुण. शेरा होता, 'मार्गदर्शकातील उत्तर लिहावे.' मी पुढे सगळी उत्तरं मार्गदर्शकातलीच लिहिली, भरपूर गुण मिळवले आणि त्यानंतर आपणहून एकही कविता वाचली नाही. ते शून्य अजून बोचतं. कविता म्हणजे कुलूप आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात, असंच वाटत आलं.

अनुस्वार

सरळरेषा, तुमचं उत्तर अगदी बरोबर असू शकतं. आणि कवीच्या मनात ते नसलं तरी ओळींत सापडत असेल तर ते तुमचं. 'तुमच्या शब्दांत लिहा' हा सल्लाच मुळात उलटा आहे. आपल्या शब्दांत सांगून जी संपते ती कविता नव्हतीच. सांगायचं ते याच शब्दांत, याच क्रमाने सांगता येतं म्हणून तर ती लिहिली गेली.

दुभाषी

अनुस्वार यांना अनुमोदन. मी अनुवाद करते, त्यामुळे हे रोज हाताला लागतं.

गेल्या वर्षी एका मराठी कवितेत 'रुखरुख' आला आणि चार दिवस मी तिथेच अडकले. जवळपासचे शब्द बघा. काही घडण्याआधी, कुणाची वाट बघताना जीव खालीवर होतो ती हुरहूर. घडून गेल्यावर उघड व्यक्त होते ती हळहळ. जरासं चुकलं, थोडक्यात राहून गेलं, त्याची चुटपुट. आणि रुखरुख? तीही घडून गेल्यानंतरचीच, पण ती आत राहते, मोठी होत नाही आणि जातही नाही. 'निरोप घ्यायला गेलो नाही, याची रुखरुख आहे.' इथे हळहळ घातली तर माणूस चारचौघांत बोलायला लागतो. चुटपुट घातली तर निरोप गाडी चुकण्याइतका लहान होतो.

चारही शब्दांत अक्षरं मागेपुढे होऊन परत येतात, हेही पाहा. मनात तीच गोष्ट पुन्हा पुन्हा येते, तशीच ती शब्दात येते. दुसऱ्या भाषेत मला अर्थ मिळाला, ते येणं-जाणं मिळालं नाही. शेवटी ओळच वेगळी रचली आणि एक क्रियापद दोनदा आणलं. अजून समाधान नाही. रुखरुख आहे.

उकार

शेवटच्या दोन शब्दांना दंडवत!

स्वरयंत्र

वर सगळे आवाजाबद्दल बोलताहेत म्हणून एक भर घालतो. कामाच्या निमित्ताने कर्णबधिर मंडळींशी संबंध येतो. सांकेतिक भाषेतही कविता असते आणि ती फार देखणी असते. आपण जसं यमक जुळवतो, तसं तिथे हाताचा एकच आकार पुन्हा पुन्हा येतो. तीच उघडी मूठ एकदा कळी होते, मग पाखरू, मग दिवा. लयसुद्धा असते, हातांच्या वेगात आणि थांबण्यात. एकदा पाहून या. कविता कानाचीच असते हा माझा समज त्या दिवशी गेला.

रानवारा

जुनीवहीताई, तुमच्या श्लोकाचे चार सारखे तुकडे म्हणजे तो बहुधा भुजंगप्रयात असणार. 'यमाता यमाता यमाता यमाता', लघु-गुरु-गुरु चार वेळा, बारा अक्षरं. मनाच्या श्लोकांचं हेच वृत्त. दोनशे पाच श्लोक पिढ्यान्‌पिढ्या पाठ राहिले, त्यात या चालीचा वाटा फार मोठा आहे. प्रत्येक तुकडा एक छोटं पाऊल टाकतो आणि दोन लांब. श्वासाला बरोबर बसतं.

वेलांटीताई, तुमचं वाचून मला रात्री झोप आली नाही. वर्षभरात एक ओळ लिहिली नव्हती. पहाटे तुमच्या बाबांसाठी याच वृत्तात दोन ओळी आल्या:

मनातील शब्दास वाचा मिळाली
नदी कोरडी ती पुन्हा वाहिली रे

वेलांटी

काय बोलू. खूप खूप आभार.

मुक्तछंदी

भावना सुंदर. पण रानवारा, वृत्ताच्या चौकटीने तुम्हाला 'रे' घालायला लावलाच ना? माझा यालाच विरोध आहे. आजचं जगणं लघु-गुरूत बसत नाही. जे म्हणायचं ते म्हणावं आणि जिथे श्वास संपेल तिथे ओळ तोडावी. मुक्तछंद शंभर वर्षांच्या घरात आला, अजून गण मोजत का बसायचं?

अनुस्वार

मुक्तछंदी, मराठीत मुक्तछंद रुजवला तो कवी अनिलांनी. त्याच अनिलांनी नंतर स्वतःला दहा ओळींचं बंधन घालून घेतलं आणि 'दशपदी' लिहिली. १९७७ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या संग्रहाला आहे. दार उघडणाऱ्यालाच पुढे स्वतःसाठी एक उंबरठा हवासा वाटला, हे मला फार बोलकं वाटतं. दोन्ही चालतं. चांगल्या मुक्तछंदातही अंतर्गत लय असतेच, नाहीतर ते गद्य होतं.

'रे' भरतीचा आहे हे मात्र बरोबर. रानवारा, रागावू नका, 'ती'सुद्धा भरतीचीच. 'नदी कोरडी' म्हटल्यावर 'ती' काही नवं सांगत नाही. आणि पहिली ओळ 'मिळाली'वर संपते, तिला जोडीदार मिळालेला नाही.

बाकी मोजणी चोख आहे. 'शब्दास'मधला 'श' पुढच्या जोडाक्षरामुळे गुरु झाला. 'पुन्हा'मधला 'पु' मात्र लघुच राहतो, कारण मराठीत न्ह, म्ह, ल्ह यांचा आघात मागच्या अक्षरावर येत नाही. 'मनातील'चा 'ल' बोलताना आपण अर्धा करतो, इथे पुरा म्हणायचा.

रानवारा

रागावतो कशाला, उलट मन लावून वाचलंत. दोन्ही आक्षेप मान्य. 'कोरडी ती' काढून 'आटलेली' घातलं तर?

नदी आटलेली पुन्हा वाहु आली

यमकही जुळतं.

निळीशाई

'आटलेली' कितीतरी चांगलं! कोरडी नदी कायमचीच कोरडी असू शकते. आटलेली म्हटलं की कधीतरी पाणी होतं हे आपोआप आलं.

दुभाषी

आटलेली उत्तम. पण 'वाहु' ऱ्हस्व करावा लागला, तो टोचतो. 'वाहू आली' असंही कुणी म्हणत नाही, 'वाहू लागली' म्हणतात. मी 'झरू लागलेली' करून पाहिलं. मात्रेत बसतं, पण फार हळू होतं. एक अख्खी कविता आठ महिन्यांनी बाहेर पडली, ती झरली नाही.

मुक्तछंदी

मी वृत्ताच्या विरोधात असलो तरी सकाळपासून हाच विचार करतोय. 'पुन्हा' खरंच हवा आहे का? आटलेली म्हटल्यावर वाहणं पुन्हाच असणार.

खडू

मुक्तछंदी, एकदम बरोबर! 'पुन्हा' जाऊ दे. म्हणजे सहा अक्षरं मोकळी झाली.

जुनीवही

मी कधी काही लिहिलेलं नाही. भाजणी दळताना म्हणावं तसं दुपारभर नुसतं 'यमाता यमाता' म्हणत बसले होते. हे चालेल का बघा:

मनातील शब्दास वाचा मिळाली
नदी आटलेली भरूनी निघाली

अनुस्वार

जुनीवहीताई!

भ-रू-नी, नि-घा-ली. चोख. आणि 'भरून निघणे' म्हणजे पाण्याने भरणं आणि झालेलं नुकसान भरून येणं, दोन्ही. एका क्रियापदात दोन अर्थ आले. 'भरूनी' जुन्या वळणाचं आहे, पण पद्यात चालतं.

रानवारा

ताई, ही ओळ आता तुमची. माझी पहिली, तुमची दुसरी. मी तीन तास शोधत होतो, हे हाताशीच होतं आणि दिसत नव्हतं.

सरळरेषा

कालपासून हा धागा वाचतोय. सहा जण मिळून सहा अक्षरं शोधतात, प्रत्येक शब्द उचलून, वाजवून, परत ठेवून. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. मार्गदर्शकात ते नव्हतं.

आणि भुजंगप्रयात दिवसभर डोक्यात चालू आहे. जिना चढतानाही यमाता.

पानगळ

सरळरेषा, सातवीतली ती पावसाची कविता शोधून आता परत वाचा.

सरळरेषा

काल रात्रीच शोधली. वाट बघण्याचीच आहे.

वेलांटी

दोन आठवड्यांनी लिहितेय.

स्वरयंत्र यांनी सांगितल्याप्रमाणे आमच्या थेरपिस्टशी बोलले. आता रोज संध्याकाळी बाबांच्या डाव्या हातावर माझा हात ठेवून ठेका धरतो. 'पाणी हवं' आणि 'दार लाव' ही दोन वाक्यं दोन सुरांवर जमायला लागली आहेत. नाव विचारत नाही.

तुमच्या दोन ओळीसुद्धा रोज म्हणते, शेवटी. पहिले तीन-चार दिवस ते नुसते ऐकत. मग माझ्या हाताखाली त्यांची बोटं हलायला लागली, एका ओळीला चार वेळा. परवा मी 'मनातील शब्दास वाचा' इथे श्वास घ्यायला थांबले, मुद्दाम नाही, खोकला आला. बोटं थांबली नाहीत. चौथा ठोका पडला आणि बाबा म्हणाले, "मिळाली."

या दोन आठवड्यांपूर्वी ही ओळ त्यांनी आयुष्यात कधीच ऐकलेली नव्हती.

स्वरयंत्र

वेलांटीताई, हे फार महत्त्वाचं आहे. नवं शिकलेलं आलं. थेरपिस्टना नक्की सांगा, कुठल्या ठोक्यावर आलं तेही सांगा.

जुनीवही

रडतेय आणि हसतेय. 'निघाली' कधी म्हणतात ते कळवा, मी रोज येऊन बघीन.